पळीभर तेल

नाशिक,
श्रावण शुद्ध अष्टमी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुडक्यात वरच ताईची राखी ठेवली आहे. पौर्णिमेपर्यंत पोचेल असं पोस्टातली मुलगी म्हणाली. राखीखाली जे जाडजूड पुस्तक आहे, त्याच्यासाठी हे पत्र. फोनवर सांगायला घेतलं की मी भरकटते आणि तुला मीटिंग असते, म्हणून लिहायला बसले.

इथे आठवडाभर पाऊस थांबलेला नाही. धरणातून पाणी सोडलं आणि गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला. बाबा रोज संध्याकाळी छत्री घेऊन पुलापर्यंत जातात आणि येऊन सांगतात, आज नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, आज कमरेपर्यंत. बाजार पाण्यात, भाजीवाली नाही, कुणाचं येणंजाणं नाही. पुराच्या आदल्या दिवशी सार्वजनिक वाचनालयातून ही कादंबरी आणली होती हे माझं नशीब. चार रात्रींत वाचून काढली. शेवटची रात्र तर मी जागून काढली, पहाटे दूधवाल्याची बेल वाजली तेव्हा शेवटची सात पानं उरली होती आणि मी त्याला म्हटलं, पाच मिनिटं थांब रे. खरंच थांबवलं त्याला. वाचनालयाची प्रत परत केली आणि तुझ्यासाठी ही नवी विकत आणली.

गोष्ट पाटणची आहे. चाळीसगावजवळचं पाटण, पाटणादेवीचं. तुला फक्त धबधबा आणि माकडं आठवत असतील, तू सहा वर्षांचा होतास. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे, तो आपण तेव्हा पाहिलासुद्धा नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. (ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारे चांगदेव निराळे. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी.) त्या मठाला यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने देणगी दिली, ती १२०७ सालच्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर. डॉ. भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. विचार कर, एखाद्या माणसाची पुस्तकं शिकवण्यासाठी राजाने शाळेला जमीन द्यावी, आणि ती पुस्तकं गणिताची असावीत!

आता मला जे सगळ्यात आवडलं ते. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. राजांची वंशावळ, आचार्यांची स्तुती, ते सगळं संस्कृत. पण शेवटी मठाला बाजारातून काय काय मिळायचं हे सांगायची वेळ आली की भाषा मराठी होते. 'मढा दीन्हला', म्हणजे मठाला दिला. पाटणच्या पेठेत जो माल विकायला येईल त्यावरच्या करातला वाटा मठाला, आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला. मला वाटतं, वंशावळ कुणी वाचली नाही तरी चालण्यासारखं होतं, पण पळीचा हिशोब तेल्याला कळायलाच हवा होता, म्हणून तिथे त्याची भाषा आली. एकतीस वर्षं मी बँकेच्या खिडकीवर बसले. सूचना कुठली कुणाच्या भाषेत लावायची हे मला कुणी वेगळं शिकवायला नको.

कादंबरीकाराने हीच पळी धरली आणि तिच्यातून मुलगा काढला.

तो घाण्यावरच्या माणसाचा मुलगा. रोज दिवेलागणीला पळीभर तेल घेऊन मठात यायचं, समयांत ओतायचं आणि जायचं, एवढंच त्याचं काम. त्याचं नाव मी तुला सांगत नाही, कारण कादंबरीतही ऐंशी पानं होईपर्यंत त्याला कुणी नाव विचारत नाही. 'तेल आलं का?' असंच विचारतात. तो ओट्यावर रेंगाळतो. आत मुलं एका सुरात श्लोक म्हणत असतात. संस्कृत त्याला येत नाही, पण मधेमधे आकडा आला की त्याचे कान टवकारतात, कारण मोजणं तो घाण्यावर शिकलेला आहे. पळीभर तेलावर वाती किती वेळ चालतील हे तो आतल्या कुणाहीपेक्षा नेमकं सांगू शकतो.

गुरुजी म्हातारे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. पोराचं रेंगाळणं त्यांच्या लक्षात येतं. ते त्याला आत बोलावत नाहीत. तेराव्या शतकातल्या मठात ते झालं असतं असं दाखवलं असतं तर मी पुस्तक मिटलं असतं, आणि लेखकाने तो खोटेपणा केलेला नाही. गुरुजी एवढंच करतात, की संध्याकाळचा पाठ संपला की ओट्याच्या दिशेने तोंड करून त्यातलं एक गणित मराठीत पुन्हा म्हणतात. स्वतःशीच म्हटल्यासारखं. आणि ते झोपायला जातात. पोरगं गणित घेऊन घरी जातं.

ही गणितं भास्कराचार्यांच्या खऱ्या लीलावती ग्रंथातली आहेत. खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ, खांब नऊ हात उंच, वर मोर बसलेला. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर साप दिसतो, तो बिळाकडे निघतो, मोर वरून तिरका झेपावतो, दोघं सारखंच अंतर जातात, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? मी वाचता वाचता थांबले आणि वाण्याच्या बिलामागे आकृती काढली. मग बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडतो, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकतो, तर मोडला कुठे? आपल्या शाळेत पायथागोरस शिकवताना भिंतीला टेकवलेली शिडी यायची. शिडीला कधी वारा लागला नाही, की तिच्यावर मोर बसला नाही.

आकडे लिहायची त्यांची तऱ्हासुद्धा बघ. भास्कराचार्य स्वतःचं जन्मसाल सांगतात ते 'रस, गुण, पूर्ण, मही'. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी ती एक. उलटीकडून वाचायचं: शके १०३६, म्हणजे इसवी १११४. आणि पुढे 'रसगुण' वर्षांचा असताना सिद्धान्तशिरोमणी रचला, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी. तेल्याच्या पोराला हे कळतं तो प्रसंग मी दोनदा वाचला. त्याला वाटतं, आपल्यालाही असं सांगता येईल, आणि तो आपलं वय घाण्याच्या बैलांत आणि पळ्यांत सांगू लागतो.

गोलाच्या पृष्ठफळाचा भाग मात्र तू नीट वाच. तुला आवडेलच. आचार्यांच्या आधी लल्ल नावाचे मोठे आचार्य होऊन गेले. गोलाच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ काढायचा त्यांचा नियम चुकीचा होता आणि भास्कराचार्यांनी तो चुकीचा आहे असं उघड लिहिलं. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं, की वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट केली की गोलाच्या पृष्ठाचं येतं, चेंडूवर बसवलेल्या जाळीसारखं. आतली मुलं हे पाठ म्हणतात. ओट्यावरचं पोरगं मात्र घरी जाऊन लाकडाची एक चकती आणि तेवढ्याच व्यासाचा लाकडाचा चेंडू घेतं, आणि दोन्हींना तेल चोपडतं. चकतीच्या एका बाजूला जेवढं तेल लागतं त्याच्या चौपट चेंडूला. बोटं तेलकट, दात दिसतायत, अशा अवतारात ते मठाकडे पळत सुटतं. ते पान वाचून मी उठून खिडकीत जाऊन उभी राहिले. बाहेर पाऊस. मला तू आठवलास.

का आठवलास ते सांगते, पण आधी ग्रहण सांगू दे, नाहीतर नुसतं माझंच सांगणं होईल.

काही वर्षांनी एक चंद्रग्रहण येतं. गुरुजी भास्कराचार्यांच्या करणकुतूहल या ग्रंथावरून गणित करून सांगतात, सूर्यास्तानंतर बारा घटिकांनी स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात. मांडलिक राजाचे लोक बघायला आलेले. घटिका मोजायला पाण्यावर तांब्याचं भांडं सोडतात ना, बुडाला बारीक भोक असलेलं, ते भरून बुडालं की एक घटिका, म्हणजे आपली चोवीस मिनिटं. ते भांडं सांभाळायला आतल्या कुणाला बसवत नाहीत, कारण सगळ्यांना ग्रहण बघायचं असतं. तेलवाल्या पोराला बसवतात. दहावं भांडं बुडतं आणि चंद्राची कड काळी पडते. दोन घटिका आधीच!

सगळ्यांच्या माना वळतात त्या पोराकडे. थोरला शिष्य म्हणतो, तेलकट हातांनी भांडं धरलं, भोक बुजलं, भांडी हळू बुडाली आणि मोजणी कमी भरली. सगळ्यांना ते पटतं. आणि पटण्यासारखंच आहे! पोराला माहीत असतं की त्याने भांडं राखेने घासून, भोकातून केस ओढून बघितलेलं आहे. पण तो बोलत नाही. कोण ऐकणार?

गुरुजी एकच आज्ञा करतात: भांडं कुणी धुवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला ते स्वतः पाण्याशी बसतात. जेवायला उठत नाहीत. दिवस जातो, रात्र जाते, भांडं बुडालं की काढून पुन्हा सोडतात आणि एक खडा बाजूला ठेवतात. दुसऱ्या सूर्योदयाला खडे मोजतात. साठ. अहोरात्राच्या साठ घटिका, एक कमी नाही, एक जास्त नाही. मग ते पाटीवर धूळ पसरतात आणि ग्रहणाचं सगळं गणित पहिल्यापासून मांडतात. चंद्राच्या एका बेरजेत हातचा धरायचा राहिलेला असतो.

ते सगळ्यांना बोलावतात आणि ती बेरीज दाखवतात. एवढंच. माफी वगैरे मागत नाहीत, पोराला छातीशी धरत नाहीत, भाषण नाही. पण त्या दिवसापासून ते आपलं आसन उंबऱ्याशी घालून घेतात, आतल्यांना आणि ओट्यावरच्याला सारखंच ऐकू जाईल असं. दोन शिष्य मठ सोडून जातात. लेखकाने तेही लिहिलं आहे.

तुला लीलावतीची ती गोष्ट ठाऊक आहे, मीच तुला लहानपणी सांगितली होती. लग्नाची घटिका मोजायच्या भांड्यात मोती पडतो, भोक बंद होतं, मुहूर्त टळतो, आणि बाप मुलीच्या नावाने ग्रंथ लिहितो. मला ती खरीच वाटायची. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते. कादंबरीकाराने मोती टाळला आणि भांडं ठेवलं. बुजलेल्या भोकाची शंकाही ठेवली. आणि मग दाखवलं की भोक मोकळं होतं. हे ज्याला सुचलं त्याच्या पाया पडावं असं मला वाटलं.

आता तुझं. आठवीत तू शिकवणीला जायचास तेव्हा फळ्यावरचं एक उदाहरण चुकलं आहे असं तू सरांना सगळ्या वर्गासमोर सांगितलंस. संध्याकाळी घरी निरोप आला, मुलगा उद्धट आहे, उद्यापासून पाठवू नका. दुसऱ्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकली, पावशेर पेढे घेतले आणि तुला घेऊन सरांकडे गेले. जिन्यात तू म्हणालास, 'आई, तू उदाहरण बघ ना एकदा.' मी म्हटलं, ते सर आहेत. तू वाकून नमस्कार केलास. परत येताना रविवार कारंज्यापर्यंत एक शब्द बोलला नाहीस.

दिवसभर नोटा आणि आकडे तपासणारी बाई मी, एक रुपया कमी आला तर रात्री आठपर्यंत बसून शोधणारी, आणि मी ते उदाहरण बघितलं नाही. उत्तर तुझं बरोबर होतं की सरांचं हे मला आजही माहीत नाही. गेल्या आठवड्यात माळ्यावरच्या दोन पेट्या काढून वही शोधली. नाही सापडली. सापडली असती तरी तो जिना काही परत आला नसता. मी भांडं धुऊन टाकलं रे त्या दिवशी.

मागच्या रविवारी तू म्हणालास, संशोधनाच्या गाईडच्या जुन्या पेपरातल्या एका तक्त्यात काहीतरी जुळत नाही, तीन आठवडे झाले, पण बोललो नाही. मला तुझ्या विषयातलं काही कळत नाही आणि तिथली माणसं कशी आहेत तेही नाही. बोल असंही मी म्हणत नाही, गप्प बस असंही नाही. फक्त तुझ्या गप्प बसण्यात त्या जिन्याचा काही वाटा असेल, तर तो माझा आहे, तुझा नाही, हे मला लिहून द्यायचं होतं.

पुस्तकात सगळंच सोनं नाही. निकुंभांच्या आणि यादवांच्या राजकारणाची चाळीसेक पानं मधे येतात ती मी भराभर उलटली, तूही उलट. सिन्नरचं नाव आलं तिथे मात्र थांबले, कारण देवगिरीच्या आधी यादव तिथे होते आणि आपण गोंदेश्वराला दरवर्षी जायचो. भाषा सुरुवातीला फार जड आहे, पोरगं ओट्यावर आलं की सुटी होते. आणि एका ठिकाणी पोराची आई त्याला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा देते. १२०७ साली खानदेशात मिरची कुठून आली? ती पोर्तुगीजांबरोबर आली, तीनशे वर्षांनी. तिखट तेव्हा मिऱ्याचं असणार. दोन दिवस मी विचार करत होते, एवढा मोठा लेखक, आपण कोण सांगणारे. मग परवा प्रकाशकाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. पान क्रमांकासकट. कादंबरी किती आवडली ते आधी लिहिलं, मिरची नंतर.

दिवाळीत तू आलास की पाटणला जाऊ. नाशिकरोडहून मनमाडमार्गे चाळीसगाव, तिथून गाडी करू. बाबांना चाळीसगावातलं केकी मूस यांचं कलादालन बघायचं आहे, त्यांना तिथे बसवू आणि आपण दोघं देवळात जाऊ. मला ती मराठी ओळ दगडावर बोटाने वाचायची आहे. पावसानंतर डोंगर हिरवा असतो, आणि तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, तेव्हा पितळखोऱ्याच्या लेण्यांचं तू ठरव.

डब्यात चिवडा आहे, तो आल्या आल्या संपवू नकोस. राखी बांधून फोटो पाठव, ताई वाट बघते आहे.

आणि एक काम. मोराचं गणित मी सोडवलं, उत्तर आलं बारा हात. मग वेळूचं सोडवलं, तर त्याचंही बाराच आलं. खांब नऊचा, वेळू बत्तीसचा, आणि दोन्हींची उत्तरं सारखी कशी? मला वाटतं माझी कुठेतरी चूक झाली आहे. वाण्याचं ते बिल पुस्तकात एकशे चौदाव्या पानाशी ठेवलं आहे. दोन्ही आकृत्या त्यावर आहेत. तपासून कळव, आणि चुकलं असेल तर कुठे ते लाल पेनने दाखव.

तुझी,
आई